चिलखताची पाळी

गोटलोब एन्सले गेला त्या दिवशी चिलखताची पाळी माझी होती.

तो सूप आणायला मागे गेला होता. एक तोफगोळा भलत्याच ठिकाणी पडला. त्याचा बोटाएवढा तुकडा गोटलोबच्या छातीत डावीकडे शिरला. अंगावर चिलखत असतं तर तो तुकडा पत्र्यावर टिचकी वाजवून खाली पडला असता. मी तेव्हा पुढच्या चौकीत उभा होतो. चिलखत माझ्या अंगावर होतं. त्या दिवशी माझ्याकडे चिमणीसुद्धा फिरकली नाही.

सूप सांडलं नव्हतं. पडताना त्याने डबा सरळ ठेवला होता. आमच्या तुकडीतला राप म्हणाला, "मेला तोही आवरून." कोणी हसलं नाही. रापसुद्धा नाही. मग आम्ही ते सूप प्यायलो.

मी ट्युबिंगनला साहित्य शिकलो. शोकगीतांवर मोठा निबंध लिहिला होता. प्राध्यापकांनी पाठ थोपटली होती. तुकडीत मला त्यावरून प्रोफेसर म्हणत. त्यातलं एखादं वाक्य त्या दिवशी आठवून पाहिलं. एकही आठवलं नाही. म्हणून गोटलोबबद्दल जे मला माहीत आहे, तेवढंच सांगतो.

तो एश्लिंगनचा. दक्षिण जर्मनीत आमच्या श्वाबेन मुलखात पठारावरचं गाव. तिथे वावरातले दगड वेचून संपत नाहीत. गोटलोब गावची सामायिक भट्टी सांभाळायचा. घरोघरच्या बायका तिथे पाव भाजायला आणायच्या. कोणाची पाळी कधी, हे लाकडाच्या चकत्या उचलून ठरायचं. चकत्यांची टोपली गोटलोबच्या हातात असायची. पाद्र्याच्या बायकोलाही त्याने कधी रांग मोडू दिली नाही.

"का हो गोटलोबभाऊ?" मी एकदा विचारलं.

"तिचा पाव काय देवाच्या फुंकरीने फुगतो? यीस्टच घालते ना तीही."

भट्टीचा दुसरा नियम असा की मिळाली त्याहून स्वच्छ करून पुढच्याच्या हवाली करायची. हा नियम एकट्या भट्टीचा नाही. आमच्याकडे प्रत्येक जिन्यात एक लाकडी पाटी असते. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा झाडूचा आठवडा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. जिना घाण झालेला असो वा नसो, झाडायचा. ट्युबिंगनची माझी घरमालकीण नवरा वारला त्या सकाळी आधी जिना झाडून आली आणि मग रडायला बसली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

गोटलोबने बिस्किटांच्या खोक्याची फळी कापून तशी पाटी केली, वर झाडू काढला आणि आमच्या भुयाराच्या तोंडाशी खिळ्याला टांगली. खंदक झाडणारी जगात दुसरी तुकडी असेल असं वाटत नाही. पलीकडून गोळा यायचा. खडूच्या मातीचा बांध ढासळायचा. पांढरी धूळ बसायची. आम्ही एकमेकांना हाका मारून सगळे जिवंत आहेत का बघायचो. मग ज्याची पाटी असेल तो झाडू घेऊन बाहेर यायचा.

त्या हिवाळ्याच्या शेवटी चिलखत आलं. १९१७ साल. तुकडीला एकच. एक मोठा छातीचा पत्रा, वर खांद्यांना अडकवायचे दोन आकडे, आणि खाली पोटावर एकाखाली एक लोंबणारे तीन पत्रे. वाजू नये म्हणून मधे दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा. वरून करडा रंग. आम्ही लगेच त्याला खेकडा म्हणू लागलो.

सार्जंट क्लुम्पने हुकूम वाचून दाखवला. क्लुम्प शांततेच्या काळात रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अजूनही कोणी जवळून गेलं की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. हुकूम असा की चिलखत पहारेकऱ्याने घालावं. घालून धावू नये. घालून रांगू नये. हल्ल्यात वापरू नये.

"मग घालून करायचं काय, सार्जंटसाहेब?" रापने विचारलं. राप उल्मचा खाटीक. त्याला प्रश्न गिळता यायचे नाहीत.

"उभं राहायचं."

"ते आम्ही फुकटात करतोय की."

राप सगळ्यांत धिप्पाड म्हणून त्याला आधी चढवलं. तो दोन पावलं चालला आणि वळणावर अडकला. बंदूक खांद्याला लावायला गेला तर दस्ता आकड्यावर बसेना. खाली बघायला गेला तर स्वतःचे पाय दिसेनात.

"नाकापेक्षा मोती जड," तो म्हणाला. "कोणीतरी हाताला धरून न्या रे मला. नवरीसारखं."

तेव्हापासून तशी पद्धतच पडली. चिलखत घातलेल्याला दुसऱ्याने कोपराला धरून चौकीपर्यंत पोचवायचं.

पुढची चौकी म्हणजे खंदकातून नाकासारखा पुढे काढलेला चिंचोळा बोळ. समोर उथळ दरी, दरीपलीकडे इंग्रज. अंतर बरंच. तिथून सुटलेली गोळी इथे पोचेपर्यंत जरा दमलेली असायची. शिवाय त्या चौकीवर कोणी नेम धरत नसे. तिथे उभं राहणं म्हणजे आराम. आमचे लोक तिथे बटाटे सोलायचे.

क्लुम्पने विचारलं, "हे सांभाळणार कोण?"

सगळ्यांनी गोटलोबकडे पाहिलं. गोटलोब खेकड्याच्या नमद्यावर बसलेली धूळ फुंकत होता.

त्याच आठवड्यात त्याला रोझीनेचं पत्र आलं. रोझीने त्याची बायको. पत्रासोबत सुक्या नासपतींचा पाव होता. गोटलोबने पाव आम्हाला वाटला आणि पत्र मला वाचायला दिलं. त्याला वाचता येत होतं. पण माझ्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं, असं तो म्हणायचा.

त्याच्या मुलीचं, लिडियाचं, दृढीकरण ठरलं होतं. ईस्टरच्या आदल्या रविवारी. पोरीने गावासमोर उभं राहायचं, पाद्र्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि त्या दिवसापासून ती मोठी. एश्लिंगनमध्ये बाप मुलीला हाताला धरून घरापासून देवळाच्या दारापर्यंत नेतो. ज्यांना बाप नाही त्यांना मामा नेतो.

"लिडियाला मामा आहे ना?" मी विचारलं.

"आहे. सकाळपासून घेतलेली असते त्याने. तो तिला नेणार नाही, ती त्याला नेईल." त्याने पत्राची घडी घातली. "मी तिला शब्द दिलाय, प्रोफेसर. निघताना स्टेशनावर. ती म्हणाली, माझ्या वेळेला तरी याल ना. मी म्हटलं, येईन."

"मोठ्या मुलाच्या वेळी गेला नव्हतात?"

"तेव्हा रशियात होतो."

रजा बंद होत्या. गोटलोबने कोणाकडे मागितलीही नाही. पण तो दिवसातून दोनदा क्लुम्पच्या समोरून उगाच जायचा. क्लुम्पचा हात पुढे यायचा. गोटलोबकडे द्यायला काही नसायचं.

मग कॅप्टनने जाहीर केलं की कर्नलसाहेब तपासणीला येणार आहेत. नव्या चिलखतांची त्यांना फार हौस. ज्या तुकडीचं चिलखत सगळ्यांत चांगल्या अवस्थेत असेल, तिथल्या सांभाळणाऱ्याला दोन आठवडे रजा.

गोटलोबने पाटी खिळ्यावरून काढली. झाडूच्या चित्राशेजारी कोळशाने खेकडा काढला.

हा उद्योग आम्ही सगळ्यांनी केला. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे क्लुम्प असं बोलला की जणू ते एकट्या गोटलोबचं वेड होतं. ज्याची पाळी संपे तो चिलखत घासून पुढच्याला देई. आधी ओल्या फडक्याने. मग कोणीतरी राखेने. मग राप म्हणाला की त्याच्या दुकानातले सुरे तो बारीक वाळूने घासतो. मग वाळूने. जसं मिळालं त्याहून स्वच्छ द्यायचं, हा नियम ऐकायला बरा आहे. पण त्याला शेवट नाही. करडा रंग आधी कडांवरून गेला, मग आकड्यांवरून, मग छातीवरून. रंग जातोय हे आम्हाला दिसत होतं. आम्हाला वाटलं, मळ निघतोय.

शेवटी पत्रा निघाला. खाली इतका सुंदर पत्रा असेल असं वाटलं नव्हतं. राप त्यात बघून दाढी करू लागला. मी एकदा त्यात स्वतःला पाहिलं आणि पुष्कळ दिवसांनी माझी मीच ओळख करून घेतली.

"आता कसं दिसतंय," गोटलोब म्हणाला. तो दूर उभा राहून मान तिरकी करून बघत होता. भट्टी पुसून झाली की बायका तशाच बघतात.

चौकीवर पहिली गोळी आली तेव्हा चिलखतात राप होता. संध्याकाळची वेळ. आमचा खंदक पश्चिमेला तोंड करून आहे, ऊन समोरून येतं. गोळी बरोबर छातीच्या मधोमध लागली. राप धाडकन मागे पडला. आम्ही त्याला ओढून आणलं. छातीवर बशीएवढा काळानिळा डाग. बाकी काही नाही.

"वाचला," क्लुम्प म्हणाला. त्याने पत्र्यावरच्या खळग्यावरून बोट फिरवलं. "वाचवलं याने."

कर्नलसाहेबांकडे कळवलं गेलं. कर्नलसाहेब खूश. गोटलोबने खळगा ठोकून सपाट केला आणि तो भाग जास्तच घासला.

दुसरी गोळी काही दिवसांनी आली. तीही चिलखताने अडवली. पुन्हा कळवलं. कर्नलसाहेब आणखी खूश. तिसरी गोळी पुन्हा रापच्या वाट्याला. ती पत्र्याने अडवली आणि वर पाठवली. रापच्या कानाची पाळी गेली. हनुवटीपासून गोळी किती जवळून गेली हे त्याने आम्हाला बोटांनी दाखवलं. बोटांमध्ये फट दिसत नव्हती.

"अडवली ना पण," क्लुम्प म्हणाला.

"अडवली की," राप कानाला चिंधी धरून म्हणाला. "खेकडा नसता तर आज माझं काय झालं असतं."

खेकडा नव्हता तेव्हा त्या चौकीत आम्ही बटाटे सोलायचो, हे त्या वेळी एकालाही आठवलं नाही. आम्ही चिलखताचे उपकार मोजत होतो. ते जितकं चकाकत होतं तितक्या गोळ्या येत होत्या, जितक्या गोळ्या येत होत्या तितकी त्याची कीर्ती वाढत होती. शेजारच्या कंपनीचे लोक ते बघायला यायचे. त्यांच्या चिलखताला अजून एकही गोळी लागलेली नव्हती. ते जरा खजील दिसायचे. त्यांचं अजून करडंच होतं.

कर्नलसाहेब सकाळी आले. त्यांनी गोटलोबच्या हातातल्या पत्र्यात वाकून पाहिलं. तिथे कर्नलसाहेबच दिसले. त्यांनी मिशीचं डावं टोक सारखं केलं.

"शाब्बास," ते म्हणाले. आम्हाला की पत्र्यातल्याला, ते कळलं नाही.

गोटलोबला रजा मिळाली. रजेच्या कागदावर कॅप्टनची सही. एक अट क्लुम्पने स्वतःची घातली, कारण अट नसलेला कागद त्याला कागद वाटत नसे. चिलखत स्वच्छ अवस्थेत पुढच्या सांभाळणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं. त्यात कसूर झाली तर रजा रद्द.

"कसूर?" राप म्हणाला. "याच्याकडून? मांजर एखादे वेळी पाण्यात उडी मारील."

पुढचा सांभाळणारा मी. निघायच्या दुपारी गोटलोबने चिलखत शेवटचं घासलं. क्लुम्पने पांढरा रुमाल त्यावरून फिरवला आणि रुमालाकडे पाहिलं. रुमाल होता तसाच. कागद गोटलोबच्या हातात पडला. या वेळी क्लुम्पचा हात कागद घ्यायला नाही, द्यायला पुढे आला होता. त्याला ते जड गेलं.

गोटलोबने धुतलेला अंगरखा घातला. बूट पुसले. खंदकात बूट पुसणारा माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

"काय आणू, प्रोफेसर?"

"सफरचंदाची दारू."

"मामा ठेवील तर." तो थांबला. "आणि हे बघा. नमदा ओला राहू देऊ नका. वास येतो."

एवढंच. तो फाट्याच्या वाटेने निघाला. फाट्यावर शिध्याची गाडी उभी होती. अंधार पडायच्या आत ती स्टेशनकडे सुटायची, मग पुन्हा चार दिवस गाडी नाही. चार दिवसांनी निघणाऱ्याला रविवार गाडीतच काढावा लागला असता.

मी चिलखत चढवलं. रापने कोपराला धरून मला चौकीत पोचवलं. समोर सूर्य खाली येत होता. मला त्याचं बरं वाटत होतं, कारण पत्रा आतून गार असतो.

आमच्याकडून फाट्यावर जायला शेजारच्या कंपनीच्या खंदकातून जावं लागतं. तो खंदक आमच्यापेक्षा पुढे, जवळजवळ इंग्रजांच्या अंगावर गेलेला. तिथल्या वळणावरून मागे पाहिलं की आमची चौकी समोरून दिसते. साधारण इंग्रजांना दिसते तशी. सूप आणायची वाट वेगळी, त्यामुळे आम्हाला तिकडे जायचं कारण पडत नसे. रजाच बंद होत्या.

गोटलोबने त्या वळणावर मागे वळून पाहिलं. मला हात करायला, असं तो नंतर म्हणाला. मी त्याला दिसलो नाही. त्याला एक ठिणगी दिसली. मी श्वास घेतला की ती हलायची.

"आमच्या देवळाच्या शिखरावर पितळी कोंबडा आहे," त्याने मला नंतर सांगितलं. "संध्याकाळी तीन गावं पलीकडून दिसतो. पोरं त्याला गोफणीने दगड मारतात. दुसऱ्या कशाला मारत नाहीत."

मला एवढंच कळलं की मागून कोणीतरी धापा टाकत येतंय. मान वळवता येत नव्हती. मग गोटलोबचा हात माझ्या छातीवर आला. हातात खंदकाच्या तळाचा चिखल होता, खडूचा, करडा, घाण वास मारणारा. त्याने तो पत्र्यावर थापला. पुन्हा खाली वाकला. पुन्हा थापला. शेण सारवतात तसा तळहाताने पसरला. वर गळ्यापर्यंत, खाली पोटाच्या पत्र्यांवर, आकड्यांवर.

"गोटलोबभाऊ, काय करताय?"

"गप्प उभे राहा. खाली वाका. खाली."

"वाकता येत नाही यात."

"मग गप्प उभे राहा."

तेवढ्यात एक गोळी आली. बांधाच्या कडेला लागली आणि आमच्या तोंडावर माती उडाली. गोटलोब थापत राहिला. धुतलेला अंगरखा कोपरापर्यंत भरला होता. त्याच्या बुटांकडे मला बघवेना.

क्लुम्प संध्याकाळच्या फेरीला आला तेव्हा आम्ही दोघे तसेच उभे होतो. मी मातीच्या भिंतीसारखा आणि गोटलोब गवंड्यासारखा.

क्लुम्पने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय आहे?"

"मी पडलो, सार्जंटसाहेब," मी म्हणालो. "पाय घसरला."

"पाच बोटं दिसतायत त्यावर."

"माझी आहेत," गोटलोब म्हणाला.

"तू तर रजेवर गेलायस."

"परत आलो. साहेब, हे चमकतं. शेजारच्यांच्या वळणावरून दिसतं. ते चमकतं म्हणून गोळ्या येतात."

"तीन गोळ्या अडवल्यात त्याने."

"आल्या म्हणून अडवल्या."

क्लुम्प वाईट माणूस नव्हता. तिकीट नसलेल्या म्हाताऱ्यांकडे तो खिडकीबाहेर बघत दुर्लक्ष करायचा, असं त्यानेच एकदा सांगितलं होतं. त्याने दरीपलीकडे पाहिलं. मग चिखलाकडे पाहिलं. हे त्याला पटलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब मुख्यालयातल्या पाहुण्यांना घेऊन तेच चिलखत दाखवायला येणार होते.

"एन्सले," तो म्हणाला, "चिलखत तू स्वच्छ ताब्यात द्यायचं होतंस. हे स्वच्छ नाही."

"नाही, साहेब."

"आत्ता धू. मी पाहिलंच नाही असं समजतो. पळत गेलास तर गाडी सापडेल."

गोटलोबने सूर्याकडे पाहिलं. सूर्य दरीच्या काठापासून हातभर वर होता.

"प्रोफेसरची पाळी कधी संपते?"

"अंधार पडला की."

"मग सूर्य बुडाला की धुतो."

"गाडी तोवर जाईल."

"हो."

"एन्सले, तुझ्या पोरीचं..."

"माहीत आहे, साहेब."

"मी काढून ठेवतो अंगातलं," मी म्हणालो. "नुसता अंगरख्यावर उभा राहतो."

"हुकूम आहे," क्लुम्प म्हणाला. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "पहारेकऱ्याने चिलखत घालावं."

गोटलोबने खिशातून कागद काढला. हात चिखलाचे होते म्हणून दोन बोटांच्या टोकांनी काढला, डाग पडू नये अशा बेताने. क्लुम्पचा हात पुढे आलेला होताच.

मग गोटलोब चौकीच्या तळाशी, माझ्या पायांजवळ बसला. मला तो दिसत नव्हता. यात पायच दिसत नाहीत. दुसरी गोळी आली नाही. थोड्या वेळाने फाट्याकडून चाकांचा आवाज आला. सूर्य बुडाला. गोटलोब उठला, माझ्या अंगावरून चिलखत उतरवलं आणि पाणी आणून धुतलं. राखेने. मग वाळूने.

क्लुम्पने रुमाल फिरवला. रुमाल होता तसाच. पण कागद आता कॅप्टनकडे गेला होता. तिथे कसूर लिहिली गेली होती.

पाहुणे आले त्या दिवशी ढग होते. त्यांनी पत्र्यात आपापले चेहरे पाहिले आणि गेले.

त्या दुपारपासून गोटलोबने पाळीचं काम दुप्पट केलं. उतरत्या उन्हाआधी चिलखत माखायचं, अंधार पडला की घासायचं. पाटीवर खेकड्याशेजारी त्याने चिखलाचं घमेलं काढलं. आमची माणसं मन लावून माखू लागली. कुठे पत्र्याचा ठिपका उघडा राहिला तर पुढचा पाळीवाला चिलखत ताब्यात घ्यायला नकार द्यायचा. राप म्हणाला, "आता घाणसुद्धा स्वच्छ करायला लागलो आपण." क्लुम्प संध्याकाळच्या फेरीला तिकडे येईनासा झाला. तो वेळ त्याने दुसरीकडे काढला, त्याने कधी काही विचारलं नाही.

गोळ्या थांबल्या. वर कळवलं गेलं. वरून उत्तर आलं की चिलखतासमोर आपलं काही चालत नाही हे पाहून शत्रूचं धैर्य खचलेलं दिसतं.

गोटलोबला मी ते वाचून दाखवलं. त्याने ऐकलं, मान हलवली. "रोझीनेला लिहायचंय," तो म्हणाला. "काय लिहू? गाडी चुकली असं लिहू?"

"खोटं नाही ते."

"तेच तर." त्याने तसंच लिहिलं.

पुढच्या बुधवारी तो सूप आणायला गेला. पण त्याआधी रविवार होता.

रविवारी सकाळी पाळी माझी. गोटलोबने दाढी केली. अंगरखा पुन्हा धुतलेला होता, कोपरांवरचे डाग पुरते गेले नव्हते. गळ्याला त्याने पांढरी पट्टी लावली होती. कुठून आणली देव जाणे. मी चिलखत चढवून उभा राहिलो तेव्हा कोपर धरायला राप पुढे आला. गोटलोबने त्याला बाजूला केलं.

"हात द्या, प्रोफेसर."

मी हात दिला. त्याने तो आपल्या हातात अडकवला. कोपराला धरून ढकलतात तसा नाही. आम्ही निघालो. खंदक दोन माणसांपुरता रुंद नाही, म्हणून तो अर्धा तिरका चालत होता. मी माझे पाय न बघता चालत होतो. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. रापने शिरस्त्राण काढून हातात धरलं होतं. तो काही विनोद करील म्हणून मी वाट पाहिली. त्याने केला नाही.

"पाद्रीबुवा आधी काय विचारतात, आठवतं का?" गोटलोबने समोर बघत विचारलं.

"तुझा विश्वास कशावर आहे, असं काहीतरी."

"मग? सांगा."

मी सुरुवात केली. लहानपणी तोंडपाठ होतं. पहिलं उत्तर आलं. दुसरं अडखळत आलं. तिसऱ्याला मी थांबलो. मला बाकी पुष्कळ काही पाठ होतं.

"लिडियाला येतं," तो म्हणाला. "मागच्या पत्रात लिहिलं होतं तिने. सगळं येतं." आणि त्याने तिसरं उत्तर स्वतः म्हटलं, सावकाश, एका पावलाला एक शब्द, म्हणजे मला मागून म्हणता यावं. मी मागून म्हटलं.

चौकी आली. ऊन मागून होतं, त्यामुळे काही धोका नव्हता, तरी त्याने मला अंगठ्याने थोडं वळवून नीट पाहिलं. सकाळी कोणी चिलखत माखत नसे. पत्रा लख्ख होता. त्यात तो दिसत असणार, मला नाही. खांद्याच्या आकड्याजवळ आदल्या संध्याकाळचा चिखलाचा एक कण घासताना सुटला होता. त्याने बोट पुढे केलं. मग मागे घेतलं. तो राहू दिला.

"जा," तो म्हणाला.

मी बोळात शिरलो आणि फटीपाशी उभा राहिलो. तो तिथेच थांबला, बोळाच्या तोंडाशी. मान वळवता येत नव्हती, पण तो गेला नव्हता हे मला कळत होतं. देवळातली प्रार्थना संपायला लागतो तेवढा वेळ तो तिथे उभा होता. मग रापने हाक मारली की झाडूची पाटी कोणाच्या नावावर आहे, आणि गोटलोब म्हणाला, "माझ्या. आलो."